पहाटे साडेपाचची सुई

मार्चमध्ये बाबांना आठ दिवस हॉस्पिटलात ठेवलं होतं. मी इथून, इंग्लंडहून, रोज फोन करायचे आणि दादाचं एकच पालुपद: "बाकी ठीक आहे गं, फक्त डोळ्याला डोळा नाही." चौथ्या रात्री बाबांनी सलाईनची सुई उपसून काढली आणि कधीच्या वारलेल्या आजीला हाका मारायला लागले. आत्या म्हणाली, डॉक्टरांना सांगून झोपेची गोळी द्या. नेमका त्याच आठवड्यात हॉस्पिटलने नियम काढला: रात्री पेशंटजवळ नातेवाईक नको. घरच्या ग्रुपवर लगेच दोन तट पडले: नियम बरोबर म्हणणारे, आणि रात्रभर बाबांजवळ खुर्चीत बसणाऱ्या दादाच्या बाजूचे. "परदेशात असंच असतं, हिलाच विचारा."

विचारलंच आहे तर सांगते. गेली नऊ वर्षं मी म्हाताऱ्या पेशंटांच्या वॉर्डात नर्स आहे, निम्म्याहून जास्त ड्यूट्या रात्रीच्या. हो, संध्याकाळी नातेवाईक जातात. पण म्हणून वॉर्ड शांत होतो हा गैरसमज आहे. सलाईनचे पंप बोंबलतात, दर चार तासांनी बीपी बघायला दिवा लागतो, आणि पहाटे साडेपाचला रक्त, कारण राउंडच्या आधी रिपोर्ट हाताशी हवा. साखरझोपेतल्या ऐंशीच्या माणसाला सुई टोचून उठवायचं आणि वर विचारायचं, "झोप लागली का?" हे मी स्वतः केलंय, अनेकदा. रात्री वॉर्डातला आवाज सरासरी ३० डेसिबलच्या वर नसावा, असं जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये सांगितलं. म्हणजे जेमतेम कुजबुज. आमच्या औषधांच्या ट्रॉलीचं एक चाकच तेवढं पाळत नाही. आणि खरं सांगायचं तर त्या ट्रॉलीपेक्षा आम्हा नर्सांच्या गप्पाच मोठ्या असतात.

बाबांचं ते बरळणं म्हणजे वेड नव्हे. त्याला डेलिरियम म्हणतात. इन्फेक्शन, दुखणं, नवी जागा, चष्मा नि कानाचं यंत्र कपाटात, त्यात झोपमोड, आणि म्हातारा मेंदू गोंधळतो. त्यावर आत्याची गोळी म्हणजे आगीत तेल. पासष्टीपुढच्यांना कोणती औषधं शक्यतो देऊ नयेत याची बीअर्स यादी अमेरिकेत १९९१ पासून आहे. झोपेच्या नेहमीच्या गोळ्या तिच्यात आहेत, कारण त्यांनी गोंधळ वाढतो आणि माणूस रात्री बाथरूमला उठून पडतो.

मग करायचं काय? डॉ. शेरन इनोये अमेरिकेतल्या येल विद्यापीठात होत्या तेव्हा त्यांनी सत्तरीपुढच्या ८५२ पेशंटांच्या अभ्यासात, त्यातल्या निम्म्यांवर, जे करून पाहिलं ते इतकं साधं आहे की ऐकणारा हसतो. झोपताना काहीतरी कोमट प्यायला, पाठीवरून हात, मंद संगीत, रात्रीची औषधं झोपमोड होणार नाही अशा वेळेला. दिवसा चालवणं, चष्मा डोळ्यांवर, आज वार कोणता हे सांगत राहणं. नेहमीच्या पद्धतीने ठेवलेल्यांत डेलिरियम १५ टक्क्यांना झाला, यांच्यात ९.९ टक्क्यांना. यातलं बरंचसं काम स्वयंसेवकांनी केलं.

थोडक्यात, दादाने! खुर्चीत बसलेल्या माणसाने. ब्रिटनमध्ये २०१४ साली 'जॉन्स कॅम्पेन' नावाची मोहीम सुरू झाली, ती डिमेन्शियाच्या, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या, पेशंटजवळ घरच्या माणसाला राहू द्या म्हणून. जे आपण शिस्त म्हणून बंद करायला निघालोय, ते इथे लोकांना मागून घ्यावं लागलं.

मात्र दादाच्या बाजूच्या मंडळींनी लगेच टाळ्या पिटू नयेत. शेजारच्या कॉटवरचे नातेवाईक रात्री अकराला स्पीकरवर बोलतात, तिघे-तिघे उशाशी बसून पेशंटच्या देखत आजाराची चर्चा करतात, ते कुणाच्या खात्यावर मांडायचं? एक माणूस, फोन बंद, बोलणं हळू. एवढं जमत नसेल तर नियम काढणाऱ्याला तरी दोष कसा देऊ?

मी दादाला दोनच प्रश्न विचारायला लावले. संध्याकाळची लघवी होण्याची गोळी सकाळी देता येईल का? आणि बीपी स्थिर आहे, तर रात्री दोनला बघायलाच हवं का? सिस्टर म्हणाल्या, "लिहिलंय म्हणून बघते हो." डॉक्टरांनी गोळी सकाळवर नेली आणि रात्री दोनचं बीपी खोडलं. त्या रात्री बाबा सलग चार तास झोपले.

इथे मी माझ्या वॉर्डात रक्ताची वेळ सातची करायचा अर्ज देऊन चार महिने झाले. अजून साडेपाचच आहे.