फाटकावर कुणाचं नाव?

आज चर्चमधली उपासना संपली आणि पंचमंडळींची, म्हणजे चर्चच्या कारभाऱ्यांची, मीटिंग सुरू झाली. दीड तास! विषय काय, तर देवळाच्या नव्या फाटकावरच्या ग्रॅनाइटच्या पाटीत कुणाचं नाव वर आणि कुणाचं खाली. बाहेर सोलापूरचं ऊन, पाण्याचा माठ कोरडाठाक, आणि आत दोन शिकलेली माणसं एकमेकांपुढं बोटं नाचवतायत. तासाभरापूर्वी याच तोंडांनी प्रभूच्या प्रार्थनेत 'आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे' म्हटलं होतं.

मला आजी आठवत राहिली. पूर्व भागात राहायचो तेव्हा ती विड्या वळायची. मांडीवर सूप, शेजारी ओल्या फडक्यात पानं, दिवसाच्या हजार विड्या पुऱ्या करायच्या. शेजारची तेलुगू मावशी तापानं फणफणलेली असायची, तिचा आकडा काही भरायचा नाही. मावशी पाणी प्यायला उठली की आजी आपल्या सुपातल्या मूठभर विड्या तिच्या सुपात सरकवायची. मी आठ वर्षांची. विचारलं तर म्हणाली, "गप की गं. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, प्रभूनं सांगितलंय."

(विडी वळायला दोन्ही हात लागतात, हे मला फार उशिरा सुचलं.)

ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' ही ख्रिस्तभक्तांची मंडळी मांडली. त्यांची भजनं आपण पेटीवर डोळे मिटून म्हणतो. डोळे उघडले की पाटी!

बरं, पाटी लावली नाही तर देणग्या येत नाहीत, फाटक फुकट होत नाही. मान्य. पण प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले ते कमरेला रुमाल बांधून, खाली बसून. आपली श्रद्धा मुळात तेवढीच आहे हो. बाकी सगळं आपण नंतर चिकटवलं.

आणि मी तरी कोण मोठी लागून गेले? तिसऱ्या रांगेतल्या बाकाला बाबांच्या नावाची पितळी पट्टी आहे. मीच लावून घेतली. पॉलिश कमी झालं म्हणून सुताराशी भांडलेसुद्धा. आज दीड तास त्याच बाकावर बसले होते.

संध्याकाळी कारखान्यात माल द्यायच्या आधी मावशी आपल्या विड्या मोजायची. एकदा मोजून झाल्या की पुन्हा मोजायची. मग आजीकडं बघायची. आजी सूप झटकत बसलेली असायची.