लॅब रेस्क्यू बंद करणे आहे

नाशकात लॅब्रॅडॉर बेघर होण्याची कारणं तीन: साहेबांची बदली, मुलीची बारावी आणि सुनेचं बाळंतपण. फोनवर भाषा मात्र एकच असते. "फार गुणी आहे हो, फक्त आजच्या आज घेऊन जा." फार गुणी म्हणजे सोफा खाऊन झालेला आहे. आजच्या आज म्हणजे उद्या तो गळ्यातल्या पट्ट्यासकट पांडवलेण्यांच्या पायथ्याशी सापडणार. पाळीव कुत्रा असा सोडून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे आणि पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. कॉलेज रोडला एवढ्यात मिसळसुद्धा येत नाही.

तरी आम्ही लॅब रेस्क्यूवाले, म्हणजे अशा लॅबना (लॅब्रॅडॉरना) सोडवून नवं घर शोधणारे, जातो. पण कुत्र्याआधी कागद ताब्यात घेतो. मालकी सोडल्याचं सहीचं पत्र आणि लसीकरणाचं कार्ड. याचं कारण सहा महिन्यांनी कळतं. कुत्रा बारीक होतो, कातडी चकाकते, कोणीतरी त्याचा फोटो टाकतं आणि जुन्या मालकांना एकदम माया फुटते: "आमचा ब्रूनो परत द्या."

आलेला कुत्रा १४ दिवस वेगळा ठेवायचा. फॉस्टर ताई, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत कुत्रा सांभाळणाऱ्या, हमखास म्हणतात, "आमच्या राणीशी खेळू दे की, बिचारा एकटा आहे." बिचाऱ्याच्या पोटात पार्वो हा जीवघेणा, संसर्गजन्य विषाणू असला तर राणीचं काय, हा प्रश्न आम्हीच विचारायचा आणि वाईटही आम्हीच व्हायचं. त्यात आपल्याकडे फिनाईलचा वास आला की जागा शुद्ध झाली असा समज. पार्वोला फिनाईलने काही होत नाही. आधी घाण धुऊन काढायची, मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी, फरशी दहा मिनिटं ओली. वर फिनाईल ओतायचं नाही, ही सूचना वेगळी लिहून द्यावी लागते.

रक्त तपासलं की प्लेटलेट कमी, म्हणजे बहुतेक वेळा गोचीड ताप. डॉक्टर चार आठवड्यांची डॉक्सीसायक्लिन देतात. चार दिवसांत कुत्रा उड्या मारू लागतो आणि घरचे गोळी बंद करतात, उगाच उष्णता वाढायला नको म्हणून. गोळी पेढ्यात घालून दिली तर लॅब पेढा खातो आणि गोळी कपाटामागे जमा करतो. महिनाअखेरीस कपाट सरकवून हिशोब घ्यावा.

आणि आपला जिल्हा! द्राक्षं आणि कांदा, आपली दोन्ही भूषणं कुत्र्याला विषारी. द्राक्षं-बेदाण्यांनी मूत्रपिंडं निकामी होतात आणि किती खाल्ल्यावर, याचा भरवसा नाही. एकाला मूठभर पचतात, दुसरा थोडक्यात आडवा होतो. कांद्याने रक्तातल्या लाल पेशी फुटतात. शिजवलेला असो की कच्चा. निफाडकडचे काका प्रेमाने म्हणतात, "आमच्या बागेत सोडा, दहा एकर मोकळं रान आहे." जानेवारी ते एप्रिल त्या रानात नेमकं काय लटकत असतं, हे काकांनाच सांगावं लागतं. त्यातून लॅब कधीच पोटभर जेवलेला नसतो. २०१६ साली संशोधकांना साधारण चौथ्या हिश्श्याच्या लॅब्जमध्ये भूक वाढवणारा जनुकीय बदल सापडला. उरलेले तीन हिस्से बहुधा संगतीने बिघडतात.

हे सगळं चालवता येतं. बंद करणं हे खरं काम. कार्यकर्ते पुण्याला नोकरीला जातात, लग्न करतात, फॉस्टर घरं दोनावर येतात, तेव्हा ठरवावं लागतं.

पहिला नियम, तारीख जाहीर करायची नाही. '३१ मार्चपासून प्रवेश बंद' असं लिहिलंत की ३० तारखेला सातपूर ते नाशिकरोड सगळे लॅब एकदम नकोसे होतात. प्रवेश आजपासूनच बंद, आणि ते सांगायचं उद्या.

मग उरलेले कुत्रे. पिवळी, तरणी पहिल्या आठवड्यात जातात, काळ्यांना वेळ लागतो, म्हाताऱ्यांना कोणी विचारत नाही. शेवटी उरतो तो फिट येणारा, दर बारा तासांनी फेनोबार्बिटोन लागणारा. ते औषध चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि एकदम बंदही करता येत नाही. असा कुत्रा नुसता द्यायचा नसतो, त्याच्याबरोबर पैसे द्यायचे. त्याचं उरलेलं आयुष्य डॉक्टरांना विचारून अंदाजाने धरायचं, औषध, तपासण्या, खाणं यांचा गुणाकार करायचा आणि ती रक्कम क्रेट (कुत्र्यांचे पिंजरे) विकण्याआधी, डॉक्टरांची उधारी फेडतानाच बाजूला काढायची. जो फॉस्टर 'आठ दिवसांसाठी' म्हणून घेऊन गेला आणि आता कुत्र्याला पलंगावर झोपवतो, त्याच्याकडून दत्तकपत्रावर सही घ्यायची. तो लाजतो, पण करतो.

दत्तकपत्रात एक कलम असतं, 'कुत्रा नको झाल्यास आमच्याकडेच परत द्यावा.' ते लिहिताना फार बाणेदार वाटतं. बंद होताना 'आमच्याकडे' म्हणजे कुठे? म्हणून दुसऱ्या एखाद्या संस्थेची तशी लेखी तयारी घ्यायची आणि जुन्या सगळ्या घरांना तसं कळवायचं. निम्मे पत्ते बदललेले असतात.

नोंदणी १८६० च्या सोसायटी कायद्याखाली असेल तर विसर्जनाला तीन-पंचमांश सभासदांची संमती लागते आणि उरलेली शिल्लक सभासदांत वाटता येत नाही, ती दुसऱ्या संस्थेलाच जाते. शिल्लक ही अडचण आमच्या ओळखीच्या कुठल्या रेस्क्यूला आलेली नाही. तीन-पंचमांशाची येते. पहाटे कुत्रा फिरवायला माणसं मिळतात, सभेला मिळत नाहीत. नोंद धर्मादाय कार्यालयातही असेल, तर तिथलं निस्तरेपर्यंत कुत्रे संपले तरी ताळेबंद संपत नाही.

राहिला मोबाईल नंबर. तो कुत्र्यांच्या गळ्यातल्या शेकडो बिल्ल्यांवर कोरलेला आहे, आणि रिचार्ज थांबला की काही महिन्यांत तो कोणा अनोळखी माणसाला मिळतो. सगळ्यात धाकट्या लॅबचं आयुष्य धरा, म्हणजे दहा-बारा वर्षं सिम चालू ठेवायचं. हे रिचार्ज कोणी मारायचं हा विषय सभेत सगळ्यात शेवटी घ्यावा, आधी घेतला तर तीन-पंचमांश उरत नाहीत.