माफी पारावर मागायची की घरात?

गणपती बसायच्या सुमारास जैनांचा वर्षभराच्या चुकांची माफी मागायचा दिवस, संवत्सरी, येतो आणि आमच्या कट्ट्यावरच्या शेठचा फोन दिवसभर ‘मिच्छामि दुक्कडम्’च्या, म्हणजे माफी मागणाऱ्या, निरोपांनी वाजत राहतो. यंदा त्यात एक निरोप त्याच्या मेव्हण्याचा होता. भागीदारी फिसकटल्यापासून दोघांचं बोलणं बंद आहे. निरोपात कमळाचं चित्र, जोडलेले हात आणि बाकी सगळ्यांना गेला असेल तोच मजकूर.

“ही माफी नाही,” वकील म्हणाला. “काय केलं ते नाही, कुणाला केलं ते नाही. दिवाळीच्या शुभेच्छा आणि यात फरक काय?”

शेठला ते लागलं. एरवी कमी बोलणारा माणूस, पण त्या संध्याकाळी त्यानं चहा बाजूला ठेवून आम्हाला सगळं नीट सांगितलं. त्यांच्याकडे रागाची प्रत तो किती टिकला यावरून ठरते. पंधरवड्यात विरला तर ती पाण्यावरची रेघ. चार महिने राहिला तर वाळूतली. वर्षभर राहिला तर जमिनीला पडलेली भेग. आणि वर्ष उलटूनही राहिला तर दगडातली चीर, ती जन्मभर बुजत नाही. म्हणून प्रतिक्रमण, म्हणजे झालेल्या चुका आठवून त्यांची माफी मागणं, तेही पंधरवड्याचं, चौमासाचं आणि वर्षाचं. “संवत्सरी ही शेवटची मुदत आहे,” शेठ म्हणाला. “त्यानं चित्र पाठवलं की पत्र, हा त्याचा प्रश्न. माझ्या आत राग ठेवायचा की नाही, हा माझा.”

शेठला मी कितीतरी वर्षं ओळखतो, पण हे पहिल्यांदा ऐकलं. रागाला मुदत घालून देणारी दुसरी रीत मला माहीत नाही. सरांनी संक्रांतीची आठवण काढली, पण तिळगूळ हातावर ठेवताना झालं-गेलं काय होतं ते कुणी काढत नाही. तिथे पुढचं गोड बोलायचं ठरतं, मागचं तसंच राहतं.

वकिलाचं समाधान झालं नाही. त्यानं त्याच्या गावाकडचं प्रकरण काढलं. 2007 साली राज्यात तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली तेव्हापासून तो अशा तडजोडींत बसलेला आहे. दोन चुलतभाऊ, मधे सामाईक बांध. धाकट्यानं दरवर्षी नांगराचं एखादं तास पलीकडे सरकवत बांध कोरला. थोरल्यानं विचारलं तर भर पारावर, चार माणसांत, त्याच्या मेलेल्या वडलांवरून शिव्या दिल्या. थोरल्यानं मोजणी आणली. मोजणीत धाकट्याचंच अतिक्रमण निघालं. मग एका रात्री तो थोरल्याच्या घरी गेला आणि म्हणाला, चुकलो, मिटवून टाकू.

थोरल्यानं त्याला पाणी दिलं, आणि एवढंच म्हणाला, “शिव्या पारावर दिल्यास. इथं ऐकायला कोण आहे?”

“हटवादी माणूस,” कट्ट्यावरचं कुणीतरी म्हणालं. मला तसं अजिबात वाटत नाही. अपमान जिथं झाला तिथं तो बघणारे होते, आणि ते अजूनही तेवढंच धरून बसलेत. घरातल्या माफीनं त्यांच्या लेखी काहीच बदलत नाही.

सरांनी इतिहास शिकवण्यात उभी नोकरी केली. ते म्हणाले, हे भांडण तुमच्या गावापुरतं नाही, कोमागाता मारूचं तेच झालं. 1914 च्या मे महिन्यात हे जहाज व्हँकुव्हरच्या बंदरात आलं. 376 प्रवासी, बहुतेक पंजाबातले शीख. मायदेशातून थेट, न थांबता प्रवास केला असेल तरच उतरू द्यायचं, असा कॅनडाचा नियम होता. हिंदुस्थानातून तसा प्रवास जवळपास अशक्यच होता. दोन महिने माणसं जहाजावर अडकली. मोजकेच उतरू शकले, बाकीच्यांना 23 जुलैला परत पाठवलं. सप्टेंबरात कलकत्त्याजवळ बजबजला ते पोचले तर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात माणसं मेली.

“2008 साली कॅनडाचे पंतप्रधान हार्पर यांनी माफी मागितली,” सर म्हणाले. “कुठे? सरे गावातल्या एका बागेत, मेळाव्याच्या व्यासपीठावरून. लोकांनी तिथल्या तिथे नाकारली. त्यांचं म्हणणं साधं होतं, की संसदेत मागा, नोंद होऊ द्या. सरकार म्हणालं, मागून झाली, पुन्हा मागणार नाही. ती मागायला 2016 उजाडलं. 18 मे रोजी तेव्हाचे पंतप्रधान ट्रुडो कॅनडाच्या संसदेत उभे राहिले. एकशे दोन वर्षांनी.”

“त्यानं मेलेली माणसं परत आली का?” वकिलानंच विचारलं. त्याला दोन्ही बाजूंनी भांडायची सवय आहे.

“नाही आली. पण ज्यांना परत पाठवलं ते चुकीचे नव्हते, हे ज्या देशानं परत पाठवलं त्याच्याच दप्तरात लिहिलं गेलं. जालियनवाला बागेचं बघा. शंभर वर्षं भरत आली तेव्हा ब्रिटनच्या त्या वेळच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी पार्लमेंटमध्ये खेद व्यक्त केला. माफी मागितली नाही. ब्रिटिश सरकारनं अजून मागितलेली नाही.”

तोपर्यंत ग्रामीण रुग्णालयातल्या सिस्टर ड्यूटी संपवून येऊन बसल्या होत्या. त्यांनी वकिलाला विचारलं, “पुढं काय झालं त्या भावांचं?”

पुढं असं झालं. धाकट्यानं पोळ्याच्या दिवशी पारावर सगळ्यांसमोर कबूल केलं, काकांबद्दल बोललो ते खोटं होतं, बांधही मीच कोरला. नंतर बांध मोजणीच्या खुणेवर नेला. थोरल्यानं तक्रार मागं घेतली. पण बोलणं सुरू केलं नाही. तंटामुक्ती समितीतली माणसं त्याच्या मागं लागली, आता एवढं झालं, मोठं मन कर, गळाभेट घे, फोटो काढू.

“हेच,” सिस्टर म्हणाल्या. “हेच मी वॉर्डात बघते. बाई मार खाऊन येते, टाके घालेपर्यंत नवरा बाहेर रडत असतो, आणि सासूपासून शेजारणीपर्यंत सगळ्या तिलाच सांगतात, माफी मागतोय ना तो, सोडून दे. त्याची माफी दोन मिनिटांची. हिनं मात्र माफ करायचं, लगेच, सगळ्यांदेखत. नाही केलं तर हीच वाईट.”

शेठ म्हणाला, “पण राग धरून तीच जळते ना?”

“जळू दे की सोडू दे, तिचं तिला ठरवू दे. तुम्ही मेव्हण्याला माफ केलंत ते कुणी तुमच्या मानगुटीवर बसून करवलं नाही.”

त्यावर शेठ काही बोलला नाही, आणि पटलं असंही म्हणाला नाही. तो अजूनही मानतो की माफ करणं ही ज्याच्यावर अन्याय झाला त्याचीच सुटका असते, समोरच्यानं मागो न मागो. त्याच्या बाबतीत ते खरं आहे, मी ते त्याच्या तोंडावर बघितलंय. पण मी सिस्टरांच्या बाजूचा. माफी मागणं हे चुकणाऱ्याचं देणं आहे, त्यानं ते पारावर, पुरतं, बांध मागं सारून फेडायचं. त्याच्या बदल्यात समोरून क्षमा मिळालीच पाहिजे असा हिशेब केला की ती माफी राहत नाही, सौदा होतो. थोरल्या भावानं तक्रार मागं घेतली, तेवढंच त्या घटकेला त्याच्याकडे द्यायला होतं. बाकीचं त्याच्याकडून काढून घ्यायचा हक्क गावाला कुणी दिला?

वकील बराच वेळ गप्प होता. तडजोडनाम्यात तो आजवर एक ठरलेलं वाक्य घालत आला आहे, की उभय पक्षांनी एकमेकांना मोठ्या मनानं माफ केलं आहे. ते आता काढायचं म्हणाला. काय चुकलं ते चुकणाऱ्याच्या शब्दांत, काय परत दिलं ते मापासह, आणि तक्रार मागं घेतली असेल तर तेवढंच. सरांनी विचारलं, समिती ऐकेल का? तो म्हणाला, “मसुदा मीच लिहितो.”