‘ॲक्सेस’पुढे ‘टू’ लागतंच असं नाही

व्हॉट्सॲपवर इंग्रजी व्याकरणाचा एक संदेश फिरतो आहे. त्यात तीन दावे आहेत: ‘ॲक्सेस’नंतर ‘टू’ हवंच, त्याआधी ‘ॲन’ हवं, आणि ‘हॅव ॲक्सेस टू’ म्हणजे ‘यूज’च, फक्त जरा भारदस्त. स्पर्धा परीक्षांची आणि नोकरीच्या अर्जांची तयारी करणारी मुलं हे पाठ करताहेत, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

पहिला दावा अर्धाच खरा. ‘ॲक्सेस’ नाम असेल तर ‘टू’ येतं: ‘वी हॅव ॲक्सेस टू द लायब्ररी’. क्रियापद असेल तर कर्म थेट येतं: ‘वी ॲक्सेस द पोर्टल’. इथे ‘टू’ घातलं की वाक्य चुकलं. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 मधलं कलम 43 पाहा. परवानगीशिवाय संगणकात शिरणाऱ्याबद्दल तिथे शब्द आहेत, ‘ॲक्सेसेस ऑर सिक्युअर्स ॲक्सेस टू सच कॉम्प्युटर’. एका ओळीत क्रियापदही आहे आणि नामही. ‘टू’ आहे ते नामाचं.

खरं तर हा फरक मराठी बोलताना आपण रोज पाळतो. ‘पोर्टलचा ॲक्सेस मिळाला’ म्हणताना ‘चा’ लावतो, ‘पोर्टल ॲक्सेस केलं’ म्हणताना काहीच लावत नाही. इंग्रजी लिहिताना याच कानावर भरवसा ठेवावा. फक्त त्या ‘चा’चं ‘ऑफ’ करू नये. ‘ॲक्सेस ऑफ द पोर्टल’ ही चूक बहुधा तिथूनच येते. आणि कशाचा ॲक्सेस हे आधीच सांगून झालं असेल, तर ‘आय डोन्ट हॅव ॲक्सेस’ एवढंच पुरतं.

‘ॲन’ नको. या अर्थाने हे नाम मोजलं जात नाही. माहितीचा अधिकार कायदा, 2005 च्या सुरुवातीलाही ‘सिक्युअर ॲक्सेस टू इन्फर्मेशन’ असंच आहे. ‘ॲन ॲक्सेस कार्ड’मधलं ‘ॲन’ कार्डासाठी आहे.

तिसरा दावा मला सर्वांत घातक वाटतो, कारण त्याने अर्थच बदलतो. ‘आय हॅड ॲक्सेस टू द लॅब’ यातून प्रयोगशाळा तुम्हाला खुली होती एवढंच कळतं. तिथे काम केलंत की नाही, ते कळत नाही. केलं असेल तर ‘आय यूज्ड’ लिहा आणि कोणतं उपकरण वापरलं ते नावानिशी सांगा. तक्रार लिहितानाही हे पाहावं. ‘आय कान्ट ॲक्सेस द फाइल’मध्ये बिघाड काहीही असू शकतो, ‘आय डोन्ट हॅव ॲक्सेस टू द फाइल’ लिहिलं, तर समोरचा आधी तुमची परवानगी तपासतो.