जीभ कोणाची? कालीची, जॅगरची की जॉन पॅशची?

फॅशन स्ट्रीटवर लाल ओठ-जिभेचा टी-शर्ट घेणाऱ्या किती जणांनी रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश रॉक बँडचं एखादं गाणं ऐकलं असेल, ते जाऊ द्या. टी-शर्टला गाणं ऐकण्याची अट नसते. पण बँडच्या त्या लोगोबद्दल जे ठोकून दिलं जातं, त्याने माझं डोकं फिरतं. कोणी म्हणतं, ते बँडचा गायक मिक जॅगरचेच ओठ. कोणी म्हणतं, अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलने काढलं. आणि आपली लाडकी थिअरी: कालीमाता आपली, गोऱ्यांनी ढापली!

वॉरहॉलची कल्पना होती ती १९७१च्या 'स्टिकी फिंगर्स' या त्यांच्या अल्बमच्या कव्हरवरच्या जीन्सची. तिला खरीखुरी चेन लावली होती. रेकॉर्डचे गठ्ठे एकावर एक रचले की चेन दाबून रेकॉर्ड खराब व्हायची. मग चेन अर्धी उघडी ठेवून पाठवायला लागले, म्हणजे दाब मधल्या लेबलवर येतो. जीभ पहिल्यांदा झळकली ती याच अल्बमवर, म्हणून हा सगळा गोंधळ.

जीभ काढली जॉन पॅशने. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टचा विद्यार्थी. १९७० मध्ये त्याने बँडच्या युरोप दौऱ्याचं पोस्टर केलं, ते पसंत पडलं आणि लोगोचं काम मिळालं. जॅगरने त्याला कालीचं चित्र दाखवलं, हे खरं. पण तेव्हा तिकडे भारतीय गोष्टींची इतकी फॅशन होती की पॅशने ते सगळं मुद्दाम टाळलं. घेतली फक्त जीभ.

माझ्या मते खरी गंमत इथेच आहे. बंगालात घरोघरी सांगतात की संतापाने नाचताना कालीचा पाय शिवावर पडला आणि लाजून तिने जीभ चावली. चूक झाली की आपणही तेच करतो. पॅशच्या डोक्यात मात्र होत्या मोठ्यांना जीभ काढून दाखवणाऱ्या पोराच्या वाकुल्या. लाजेची जीभ थेट उर्मट झाली! याला ढापणं म्हणायचं तर मूळ अर्थातलं काहीतरी शिल्लक राहायला हवं ना?

पॅशला तेव्हा मिळाले ५० पौंड, पुढे बँडने खूश होऊन आणखी २०० दिले. २००८ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने त्याचं मूळ चित्र लिलावात ९२,५०० डॉलरला घेतलं. तरी लोक अजून वॉरहॉलचंच नाव घेतात.