ब्राझीलमध्ये कसला आलाय बर्फ?

9 ऑगस्ट 2024 रोजी ब्राझीलमधल्या विन्येदो इथे व्होपास या विमान कंपनीचं एटीआर 72 हे पंख्याचं (प्रोपेलरचं) विमान कोसळलं आणि आतले सगळे 62 जण गेले. गरगरत खाली येणाऱ्या त्या विमानाचा व्हिडिओ आपल्या ग्रुपांवर अजून फिरतो. सोबतचा मजकूर साधारण असा: "ब्राझीलसारख्या उष्ण देशात बर्फ कुठला? बर्फाच्या वजनाने विमान पडलं, ही शुद्ध थाप. पंख्याची विमानं म्हणजे उडत्या तिरड्या. कोल्हापूर-जळगावला हीच येतात, बसू नका."

आधी उष्ण देशाचं बघू. उंची हजार फुटांनी वाढली की तापमान साधारण 2 अंशांनी उतरतं. हे विमान 17,000 फुटांवर होतं. खाली 25 अंश असले तरी तिथे शून्याच्या खालीच. नाशिकच्या द्राक्षबागांवर गारा पडतात, त्या काय काश्मीरहून येतात? शिवाय ढगातलं पाणी शून्याला लगेच गोठत नाही. थेंब उणे तापमानातही पाणीच राहतात आणि पंखाला टेकले की जागीच गोठतात. सहवैमानिक "बराच बर्फ" म्हणाल्याची नोंद ब्राझीलच्या तपास यंत्रणेच्या प्राथमिक अहवालात आहे. त्यामुळे थापेचा मुद्दा निकालात.

वजनाचं म्हणाल, तर तो दावा तपास करणाऱ्यांचा नाहीच. मजकूरवाल्यांनीच तो उभा केला आणि त्यांनीच पाडला. बर्फ घात करतो तो पंखाचा आकार बिघडवून. जाडसर सँडपेपरइतका खरखरीत थर बसला, तरी पंखाची उचल 30 टक्क्यांपर्यंत घटू शकते आणि हवेचा अडथळा 40 टक्क्यांपर्यंत वाढू शकतो. म्हणजे विमान मंदावतं, आणि एरवी ज्या वेगाला ते आरामात तरंगलं असतं त्याच वेगाला स्टॉल होतं, म्हणजे पंखाची उचल तुटते आणि ते खाली पडू लागतं.

पंख्याच्या विमानांबद्दल मात्र थोडं तथ्य आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. जेट विमानं बर्फाचा पट्टा झपाट्याने ओलांडून वर जातात. एटीआरला बराच वेळ त्याच उंचीवर काढावा लागतो. कोल्हापूरला एटीआरमध्ये चढताना पंखाच्या पुढच्या कडेला काळी रबरी पट्टी दिसते ना, ती यासाठीच. तिच्यात हवा भरली की ती फुगते आणि वरचा बर्फ तडकून उडतो. 31 ऑक्टोबर 1994 रोजी अमेरिकेत रोझलॉनजवळ एटीआर 72 पडलं, 68 जण गेले. तेव्हा बर्फाची कड या पट्टीच्या मागे, जिथे ती पोचतच नाही, तिथे साचली होती. त्यानंतर पट्ट्या रुंद केल्या गेल्या.

पण म्हणून जेट सुरक्षित? 13 जानेवारी 1982 रोजी वॉशिंग्टनमध्ये एअर फ्लोरिडाचं बोइंग 737 पंखांवर बर्फ घेऊन उडालं, तेही इंजिनाची बर्फरोधक यंत्रणा बंद ठेवून. पुलाला धडकून ते पोटोमॅक नदीत गेलं. 78 मृत्यू. 2009 साली अटलांटिकवर एअर फ्रान्सच्या एअरबसमध्ये वेग मोजणाऱ्या नळ्या बर्फाने तुंबल्या आणि पुढे 228 जणांचा जीव गेला. पंख्याचा इथे काय संबंध?

आता "बसू नका". 12 फेब्रुवारी 2009 रोजी अमेरिकेत बफेलोजवळ कोलगन या कंपनीचं क्यू 400 पडलं, जमिनीवरच्या एकासह 50 जण गेले. तेही पंख्याचंच विमान, आणि हिवाळी रात्र. पहिले काही दिवस सगळीकडे एकच चर्चा: बर्फ. तपासात निघालं की बर्फाचा परिणाम किरकोळ होता. वेग घटतोय हे दोघाही वैमानिकांच्या लक्षात आलं नाही, आणि स्टॉलचा इशारा देत विमानाचं नाक खाली-वर करणारा दांडा थरथरला तेव्हा कप्तानाने तो पुढे ढकलण्याऐवजी मागे ओढला. नंतर अमेरिकेने नियम बदलले ते वैमानिकांच्या विश्रांतीचे आणि उड्डाणतासांचे. विमानावर बंदी आली नाही.

विन्येदोच्या प्राथमिक अहवालात कारण दिलेलं नाही, नोंदी आहेत. रबरी पट्ट्यांची यंत्रणा उड्डाणात अनेकदा चालू-बंद झाली. शेवटच्या काही मिनिटांत कॉकपिटमध्ये एकामागून एक इशारे लागले: वेग कमी आहे, कामगिरी घसरली आहे, वेग वाढवा. मला विचाराल तर चर्चा यावर हवी. आणि मजकुरात नसलेली आणखी एक गोष्ट: ब्राझीलच्या विमान नियामकाने मार्च 2025मध्ये व्होपासची उड्डाणं थांबवली आणि जूनमध्ये परवानाच रद्द केला. कंपनीचा परवाना, एटीआरचा नव्हे.