काजूच्या बागेतला ताप आणि दुरून दिलेले सल्ले

सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यातील माकडतापाचा, म्हणजे जंगलातल्या गोचिडींच्या चाव्यातून माणसाला होणाऱ्या विषाणूजन्य तापाचा, विषय निघाला की आमच्या गावच्या व्हॉट्सॲप गटात दोनच मते ऐकू येतात. वांदर मारून टाका, हे पहिले. आणि लोकच निष्काळजी आहेत, अंगभर कपडे न घालता जंगलात जातात कशाला, हे दुसरे. पहिल्या मतामागचा संताप मला कळतो, कारण वांदरांनी केलेली नारळा-केळीची नासधूस मी पाहिलेली आहे. दुसरे मत मात्र बहुधा पुण्या-मुंबईत स्थिरावलेल्या आमच्याच माणसांचे असते आणि ते वाचून म्युनिकमध्ये बसल्या जागी माझे डोके फिरते.

शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात 1957 मध्ये माकडे मरू लागली, पाठोपाठ आसपासच्या गावांत माणसे तापाने फणफणली आणि पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने हा विषाणू शोधून काढला. रशियातील गोचीडजन्य मेंदूज्वराच्या विषाणूशी त्याचे जवळचे नाते दिसल्यामुळे संशय प्रथम सैबेरियाहून येणाऱ्या स्थलांतरित पक्ष्यांवर गेला, जो पुढे टिकला नाही. बाहेरून येणाऱ्यावर खापर फोडण्याची हौस शास्त्रज्ञांनाही असतेच. कित्येक दशके हा रोग कर्नाटकापुरता मानला जात होता. 2015 मध्ये तो गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि 2016 मध्ये दोडामार्गातील केर गावात साथीच्या रूपाने दिसला. वांदर या रोगाने स्वतःच मरतो आणि तो मरून पडला की त्याच्या अंगावरच्या गोचिडी त्या जागेभोवती पसरतात. बाधित माणसाकडून दुसऱ्या माणसाला मात्र हा ताप होत नाही. त्यावर नेमके औषध नाही आणि शंभरात 3 ते 5 रुग्ण दगावतात.

आता त्या ‘निष्काळजी’ लोकांकडे पाहू. काजूचा हंगाम फेब्रुवारी ते मे असा असतो, तर माणसाला चावणाऱ्या लहान गोचिडींचा जोर साधारण डिसेंबर ते मे. बी वेचणारी बाई झाडाखालच्या पातेऱ्यात ओणवी होते, हाताने पाने सारते, गळलेला बोंडू उचलून त्याची बी पिळून काढते आणि पुढच्या झाडाकडे सरकते. खसखशीएवढी गोचीड दंडावर चढली तरी रसाने चिकट झालेल्या अंगाला ती कळणार कशी? काजूतून परतल्यावर लाकूडफाटा आणि गोठा आहेच. गुरांना हा रोग होत नसला तरी त्यांच्या रक्तावर गोचिडी पोसल्या जातात, आणि चरून आलेले ढोर त्यांना अंगावर घेऊन थेट दारात येते. एप्रिलच्या उकाड्यात तिला बूट आणि पूर्ण बाह्या घालायला सांगणाऱ्याने निदान एक दिवस बी वेचून पाहावी.

इथे बायर्नमध्येही, म्हणजे म्युनिक ज्या जर्मन राज्यात आहे तिथेही, त्याच कुळातला विषाणू गोचिडींत आहे आणि रॉबर्ट कोख या जर्मनीच्या सरकारी आरोग्य संस्थेच्या जोखीम-नकाशात जवळजवळ सगळे जिल्हे आहेत. त्यावरच्या लसीचे माझे तिन्ही डोस हाउसआर्ट्स्टकडे, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरकडे झाले, क्रांकनकासेने, म्हणजे आरोग्य विम्याने पैसे भरले, आणि चावलेली गोचीड काढण्याच्या परवानगीचा कागद मुलीच्या किटामध्ये, म्हणजे बालवाडीत, मी सही करून दिला आहे. मी जंगलात जातो तो रविवारी पाय मोकळे करायला. शेजारी तर अर्ध्या चड्डीत गुडघाभर गवतातून अळंबी शोधत हिंडतात आणि त्यांना कोणी अडाणी म्हणत नाही. इथल्या बहुसंख्य प्रौढांनी लस पूर्ण घेतलेली नाही, हेही खरे. पण ती त्यांनी घेतलेली नाही, केरच्या बाईला ती मिळतच नाही. कर्नाटकात दिली जाणारी जुनी लस पुरेसे संरक्षण देईना म्हणून थांबवण्यात आली आणि नवी अजून तयार होते आहे. तोवर अंगाला लावायचे तेल, फवारणी आणि उपदेश.

हे सगळे गटात लिहिल्यावर चुलतभावाने सुनावले, “थंय बसान माका शिकवू नको, हंय येवन पातेरो काढ.” मला ते लागले. आमच्याही नावावर काजूची बाग आहे, तिच्या उत्पन्नावर माझे शिक्षण झाले आणि विमानाचे पहिले तिकीटही त्याच पैशातून निघाले. आज तिथे बेळगावकडून आलेली माणसे रोजावर बी वेचतात. 2016 मध्ये गोव्यातील काजूच्या बागांत राबून परतलेल्या बेळगाव भागातील मजुरांना हाच ताप झाला होता. पण आमच्याकडे लस, तेल किंवा तपासणीची चर्चा निघते तेव्हा ती ‘गावकऱ्यां’पुरतीच असते. हंगाम संपला की निघून जाणारा मजूर गावच्या आरोग्य केंद्राच्या नोंदवहीत येणार कसा? उद्या नवी लस आली, तर तिचे डोस त्याला हंगामाच्या आधीच, त्याच्या गावी मिळायला हवेत आणि त्यासाठी त्याची नावनिशी बागमालकानेच कळवली पाहिजे. तो बागमालक मी आहे. मात्र आमच्या बागेत यंदा कोण राबले, हे मला चुलतभावालाच विचारावे लागेल.